संरक्षण आदेशासाठीचा अर्ज (कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५)

संरक्षण आदेशासाठीचा अर्ज म्हणजे कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रीने, किंवा तिच्या वतीने अन्य कोणी, ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ याच्या कलम १२ अन्वये दंडाधिकाऱ्यांपुढे दाखल करावयाचा अर्ज होय. अर्जासोबत घटना अहवाल, शपथपत्र आणि पुराव्याचे कागद जोडले जातात. हिंसा करणाऱ्या व्यक्तीला पुन्हा तसे वर्तन करण्यास न्यायालय ज्या आदेशाने मनाई करते, त्याला कलम १८ मध्ये ‘संरक्षण आदेश’ अशी संज्ञा आहे. निवास, आर्थिक साहाय्य, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई यांविषयीचे आदेशही याच एका अर्जाद्वारे मागता येतात.

पार्श्वभूमी

विवाहित स्त्रीचा पती व त्याच्या नातेवाइकांकडून होणारा छळ १९८३ मधील दुरुस्तीने भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ खाली गुन्हा ठरला. त्या तरतुदीने आरोपीला शिक्षा होऊ शकत असे. परंतु तक्रार केलेल्या रात्री त्या स्त्रीने कोठे झोपावे, मुलांची फी कोणी भरावी, नवऱ्याने कामाच्या ठिकाणी येऊन धिंगाणा घातल्यास काय करावे, या प्रश्नांना तिच्यात उत्तर नव्हते. दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळविणे खर्चाचे व वेळखाऊ होते. २००२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकाने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला, पण त्यातील व्याख्येत ‘सवयीने’ मारहाण करणारा असा शब्दप्रयोग असल्याने महिला संघटनांनी त्याला विरोध केला. एकदाच केलेली मारहाण हिंसा का ठरू नये, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. पुढे नव्याने तयार झालेला अधिनियम २००५ मध्ये संमत झाला आणि नियमांसह २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला.

या अधिनियमाचे स्वरूप मिश्र आहे. अर्ज फौजदारी न्यायालयात चालतो, पण मागणी दिवाणी स्वरूपाची असते. अर्ज दाखल होताच कोणालाही अटक होत नाही. आदेशाचा भंग झाल्यावर मात्र तो गुन्हा ठरतो. अर्ज केला की पोलीस नवऱ्याला घेऊन जातील, हा समज खेड्यांत व शहरांत सारखाच आढळतो. त्या भीतीने अनेक स्त्रिया अर्ज करण्याचे टाळतात, म्हणून हा भेद लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे.

अर्ज कोणी, कोणाविरुद्ध व कोठे करावा

पत्नीखेरीज आई, बहीण, मुलगी, सून, विधवा भावजय, तसेच विवाहसदृश संबंधात एकत्र राहिलेली स्त्रीही अर्ज करू शकते. एकाच घरात राहिलेल्या किंवा राहत असलेल्या व्यक्तींमधील नाते रक्ताचे, विवाहाचे, दत्तकविधानाचे अथवा एकत्र कुटुंबाचे असावे, एवढी अट आहे. मूळ व्याख्येत प्रतिवादी हा ‘प्रौढ पुरुष’च असावा असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१६ रोजी हे शब्द घटनाबाह्य ठरवून रद्द केले, त्यामुळे आता सासू, नणंद वा जाऊ यांच्याविरुद्धही दाद मागता येते. असे असले तरी घरातील झाडून साऱ्या माणसांची नावे प्रतिवादी म्हणून घालण्याची प्रथा हितावह नाही. परगावी राहणाऱ्या, घटनांशी संबंध नसलेल्या नणंदेचे नाव घातल्याने नोटिसा बजावण्यातच महिने जातात आणि खऱ्या तक्रारीचे वजन घटते.

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. कलम २७ नुसार स्त्री जेथे कायमची किंवा तात्पुरती राहते, जेथे नोकरी वा व्यवसाय करते, प्रतिवादी जेथे राहतो किंवा जेथे घटना घडली, यांपैकी कोणत्याही ठिकाणचे न्यायालय चालते. ‘तात्पुरती’ या शब्दाचे मोल मोठे आहे. सासर नाशिकला आणि माहेर लातूरला असलेल्या स्त्रीला माहेरी आश्रय घेऊन लातूरच्या न्यायालयात अर्ज करता येतो. मिळालेला आदेश भारतभर लागू असतो.

घर सोडून आल्यावर अर्ज करता येत नाही, हा समजही चुकीचा आहे. अर्जाच्या वेळी स्त्री प्रतिवादीसोबत राहत असलीच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्याआधी एप्रिल २०२२ मधील दुसऱ्या निकालात, फौजदारी तक्रारींना लागू असणारी एक वर्षाची मुदत कलम १२ च्या अर्जाला लागू नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले होते.

विहित नमुने

२००६ च्या नियमांना एकूण सात नमुने जोडलेले आहेत. त्यांपैकी अर्जदाराशी प्रत्यक्ष संबंध येतो तो नमुना १ (कौटुंबिक घटना अहवाल), नमुना २ (कलम १२ खालील अर्ज) आणि नमुना ३ (तातडीच्या आदेशासाठीचे शपथपत्र) यांचा. नमुना ४ हे अर्जदाराला तिच्या हक्कांची माहिती देणारे पत्रक असून संरक्षण अधिकाऱ्याने ते तिला द्यावयाचे असते. नमुना ५ मध्ये सुरक्षा आराखडा तयार करतात. उरलेले दोन नमुने सेवा पुरवठादार संस्थेची नोंदणी व प्रतिवादीला द्यावयाची नोटीस यांसाठी आहेत.

महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी असल्याने हे सर्व कागद मराठीत देता येतात. तरीही इंग्रजी मसुद्यावर स्त्रीची सही किंवा अंगठा घेण्याचे प्रकार घडतात. अर्जदार निरक्षर असल्यास संरक्षण अधिकाऱ्याने अर्ज वाचून दाखवून मजकूर समजावून सांगितला पाहिजे, असा नियम ६ चा दंडक आहे. आपण कशावर सही करीत आहोत हे स्त्रीला स्वतःच्या भाषेत कळणे येथे केवळ औपचारिक नाही, कारण पुढे उलटतपासात तिला त्याच मजकुरावर प्रश्न विचारले जातात.

कौटुंबिक घटना अहवाल

साऱ्या कागदांमध्ये सर्वाधिक काळजीने भरावयाचा कागद हाच होय. तो सामान्यतः संरक्षण अधिकारी अथवा नोंदणीकृत सेवा पुरवठादार संस्था स्त्रीकडून माहिती घेऊन भरते. त्याची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे आणि संबंधित पोलीस ठाण्याकडे जाते. हिंसेने जखमी झालेली स्त्री रुग्णालयात गेली आणि तोवर अहवाल झालेला नसेल, तर वैद्यकीय सेवा देणाऱ्याने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावा, अशीही तरतूद आहे. आणि अहवाल नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

अहवालात आरंभी अर्जदार, प्रतिवादी व मुले यांचा तपशील असतो. त्यानंतर घटनांचा तक्ता येतो. दिनांक, स्थळ, वेळ, कृत्य करणारी व्यक्ती आणि हिंसेचा प्रकार, असे त्याचे रकाने आहेत. हिंसेचे प्रकार शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आर्थिक आणि हुंड्याशी निगडित असे वेगवेगळे दाखवावयाचे असतात.

या तक्त्यात आणि पुढील अर्जात वारंवार दिसणारे, पण सर्वांत दुबळे वाक्य म्हणजे ‘सामनेवाले यांनी अर्जदारास वेळोवेळी शारीरिक व मानसिक त्रास दिला’ हे होय. ते खोटे नसते. पण त्यातून न्यायालयाला काहीच दिसत नाही, आणि प्रतिवादीला ‘सर्व मजकूर खोटा आहे’ एवढ्या एका वाक्यात त्याची वासलात लावता येते. याउलट, ‘गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास स्वयंपाकघरात पतीने डावा हात पिरगळला, सासू दारात उभी होती, सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात पट्टी बांधून घेतली’ अशी नोंद असेल, तर तारीख काढता येते, साक्षीदार कळतो आणि केंद्रातील केसपेपर शोधता येतो. नेमका दिनांक आठवत नसल्यास अंदाजाने आकडा लिहू नये. सण, जत्रा, मुलाची परीक्षा, पगाराचा दिवस, घरातील लग्न अशा खुणा आठवाव्यात व जुन्या कालनिर्णयावरून तारीख ताडून पाहावी. तरीही जुळले नाही, तर ‘सुमारास’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे आणि सुरक्षितही असते. अंदाजाने लिहिलेली तारीख चुकली, की उलटतपासात तीच आधी पुढे येते.

पहिली, सर्वांत गंभीर आणि सर्वांत अलीकडची, या तीन घटना तरी सविस्तर लिहिल्या जाव्यात. अलीकडच्या घटनेला विशेष महत्त्व आहे, कारण हिंसा पुन्हा होण्याचा संभव तिच्यावरून जोखला जातो.

आर्थिक हिंसेचा रकाना पुष्कळदा रिकामा राहतो. घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीचा पगार काढून घेणे, स्त्रीधन विकणे वा गहाण टाकणे, वीज-पाण्यासारख्या सोयी बंद पाडणे, घरातून बाहेर काढणे ही कृत्ये कायद्याने हिंसाच मानली आहेत. लैंगिक हिंसेचा रकाना संकोचाने रिकामा राहतो. अशा वेळी महिला अधिकाऱ्याकडे माहिती देण्याचा आग्रह धरता येतो, आणि सुनावणी बंद दालनात घेण्याची मुभा कलम १६ देते. आरंभी न सांगितलेली गोष्ट दोन वर्षांनी साक्षीत सांगितली, तर ती नंतर रचलेली असल्याचा आरोप होतो.

घटना अहवालाशिवाय अर्ज चालू शकतो का, यावर उच्च न्यायालयांमध्ये बराच काळ मतभेद होते. स्त्रीने स्वतः थेट अर्ज केला असेल, तर अहवाल नसतानाही दंडाधिकारी आदेश देऊ शकतात, असे वर उल्लेखिलेल्या मे २०२२ च्या निकालाने ठरविले. अहवाल आलेला असल्यास मात्र तो विचारात घेणे दंडाधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. म्हणून संरक्षण अधिकारी जागेवर नाहीत या कारणाने अर्ज थांबवून ठेवण्याची गरज नाही.

अर्ज व मागण्या

नमुना २ हा मुख्य अर्ज होय. कोणत्या कलमाखाली कोणता आदेश हवा, हे त्यात निवडून सांगावयाचे असते. कलम १८ खाली पुढील गोष्टींना मनाई मागता येते: हिंसा करणे वा तिला साहाय्य करणे, स्त्रीच्या कामाच्या ठिकाणी किंवा मुलांच्या शाळेत प्रवेश करणे, फोन, संदेश, पत्र वा अन्य मार्गाने संपर्क साधणे, संयुक्त बँक खाते अथवा लॉकर परस्पर वापरणे, मालमत्ता व स्त्रीधन विकून टाकणे, आणि तिला आधार देणाऱ्या आई-वडील, भाऊ, शेजारी यांना त्रास देणे. अर्जात शाळेचे, कार्यालयाचे व बँकेचे नाव-पत्ता नेमका दिला, तर आदेशातही तो नेमका उतरतो. ‘कामाच्या ठिकाणी जाऊ नये’ असे मोघम लिहिलेला आदेश पोलीस हवालदाराला अमलात आणणे कठीण जाते.

कलम १९ खाली घरातून न काढण्याचा, प्रतिवादीला घराबाहेर राहण्याचा किंवा पर्यायी भाड्याच्या घराचा आदेश मिळू शकतो. स्त्रीला मात्र घराबाहेर राहण्याचा असा आदेश देता येत नाही. घर सासऱ्याच्या नावावर असल्यास सुनेचा राहण्याचा हक्क उरत नाही, असा अर्थ २००६ च्या एका निकालानंतर लावला जात होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी तो अर्थ चुकीचा ठरविला. घराची मालकी कोणाचीही असो, ते स्त्रीचे सामायिक निवासाचे घर होते हे दाखविणे आता पुरेसे आहे. शिधापत्रिका, आधार कार्डावरील पत्ता, गॅसची पावती किंवा मुलाच्या शाळेचा दाखला त्यासाठी उपयोगी पडतो.

कलम २० खालील आर्थिक मागणीसोबत मासिक खर्चाचा तपशील हवा. भाडे, किराणा, औषधे, शाळेची फी आणि प्रवासखर्च यांचे आकडे पावत्यांशी जुळणारे असावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानुसार पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न व देणी जाहीर करणारे शपथपत्र द्यावयाचे असते. स्वतःचे लहानसहान उत्पन्नही त्यात लपवू नये. शिवणकामाचे महिना चार हजार रुपये दडविल्याने पदरात काही पडत नाही, पण ते उघड झाल्यावर बाकीच्या खऱ्या मजकुरावरही संशय येतो.

आधीच्या खटल्यांची माहिती देण्यासाठी अर्जात स्वतंत्र रकाना आहे. पोलीस ठाण्यातील अदखलपात्र नोंद, पोटगीचा दावा, घटस्फोटाची याचिका यांचे क्रमांक तेथे द्यावेत. छापील जुने नमुने वापरताना एक लक्षात ठेवावे: १ जुलै २०२४ पासून कलम ४९८-अ ऐवजी भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, आणि पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ लागू आहे.

तातडीचे शपथपत्र

अर्जाची नोटीस प्रतिवादीच्या हाती पडते तो काळ सर्वांत धोक्याचा असतो. स्त्री अजून त्याच घरात राहत असेल, तर घटनांचा तो सारा तक्ता नवरा तिच्यासमोर बसून वाचतो. यासाठीच कलम २३ मध्ये एकतर्फी आदेशाची सोय ठेवली आहे. प्रतिवादीचे म्हणणे ऐकण्यापूर्वी, केवळ नमुना ३ मधील शपथपत्राच्या आधारे दंडाधिकारी संरक्षणाचा, निवासाचा किंवा पैशांचा तात्पुरता आदेश देऊ शकतात.

हे शपथपत्र अर्जाची नक्कल असू नये. तातडी कशामुळे निर्माण झाली, कोणती धमकी केव्हा दिली गेली, आदेशाला उशीर झाल्यास काय होऊ शकते, एवढेच त्यात ठसठशीतपणे यावे. अर्जासोबत ते न जोडल्यास पुढच्या तारखेपर्यंत हाती काहीच नसते. अर्जदार आश्रयगृहात असेल व तिची इच्छा नसेल, तर तिची ओळख प्रतिवादीला कळवू नये, असे आश्रयगृहावर बंधन आहे. न्यायालयात कागद देतानाही पत्त्याबाबत वकिलाशी आधी बोलून घ्यावे.

जोडावयाचे पुरावे

लग्नाचा दाखला किंवा पत्रिका व छायाचित्रे, वैद्यकीय कागद, स्त्रीधनाची यादी, बँकेचे पासबुक, पोलीस ठाण्यातील नोंदींच्या प्रती हे नेहमीचे कागद होत. त्यांची क्रमवार यादी, म्हणजे न्यायालयीन भाषेतील फेरिस्त, सोबत द्यावी लागते. स्त्रीधनाच्या यादीत दागिना, अंदाजे वजन, कोणी दिला व सध्या कोणाकडे आहे हे लिहावे. पावती नसली तरी लग्नातील छायाचित्रावरून दागिना दाखविता येतो.

मोबाइलमधील संदेश व ध्वनिमुद्रणांच्या केवळ छापील प्रती पुरेशा ठरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार त्यांसोबत विहित प्रमाणपत्र लागते, आणि मूळ फोन जपून ठेवावा लागतो. संदेश दुसऱ्या फोनवर पाठवून मूळ पुसून टाकणे ही नेहमी घडणारी चूक आहे. कागद घरातच अडकले असतील, तर अर्ज त्यांच्यासाठी अडवून ठेवू नये. न्यायालयाच्या निर्देशाने संरक्षण अधिकारी स्त्रीच्या वस्तू परत मिळवून देऊ शकतात. कागद एकही नसला तरी स्त्रीची स्वतःची साक्ष हाही पुरावाच असतो.

साहाय्य व खर्च

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची मर्यादा न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे साधा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्था व मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष साहाय्य कक्षाचा पुढे राज्यात विस्तार झाला. तातडीच्या मदतीसाठी ११२ व १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

दाखल केल्यानंतर

अर्ज मिळाल्यापासून सामान्यतः तीन दिवसांच्या आत पहिली सुनावणी व्हावी, आणि त्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कलम १२ सांगते. व्यवहारात प्रकरणे याहून कितीतरी अधिक लांबतात. नोटीस न बजावली जाणे हे त्याचे मोठे कारण आहे. म्हणून प्रतिवादीच्या घराचा पत्ता देऊन न थांबता त्याच्या नोकरीचे ठिकाणही द्यावे. नियमानुसार तेथेही नोटीस बजावता येते. प्रतिवादी हजर झाल्यावर आपले लेखी म्हणणे देतो, ज्याला न्यायालयात ‘से’ म्हणतात. त्याची प्रत मागून घेऊन प्रत्येक मुद्द्याचे उत्तर तयार ठेवावे.

दंडाधिकारी दोघांना समुपदेशनासाठी पाठवू शकतात. त्या बैठकीत प्रतिवादीला आपल्या हिंसेचे समर्थन करू द्यायचे नाही, असा नियम १४ चा स्पष्ट निर्बंध आहे. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून हात उचलला’ हे विधान तेथे बसत नाही. तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी अर्ज मागे घेण्याची पुरशिस त्यात मिसळलेली नाही ना, हे पाहणे आवश्यक असते.

आदेश व त्याचा भंग

आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना आणि पोलीस ठाण्याला विनामूल्य द्यावयाची असते. ठाण्यात प्रत पोहोचल्याची पोच अर्जदाराने स्वतः मिळवून जवळ ठेवणे चांगले. स्त्री स्वतः तो रद्द करण्याची मागणी करीपर्यंत संरक्षण आदेश अमलात राहतो. मात्र परिस्थिती बदलल्याचे दाखवून कोणताही पक्ष त्यात फेरफार मागू शकतो. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते.

संरक्षण आदेशाचा, मग तो अंतरिम असला तरी, भंग करणाऱ्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, आणि केवळ त्या स्त्रीच्या साक्षीवरूनही तो सिद्ध झाल्याचे मानता येते. भंगाची तक्रार लेखी असावी, तिच्यासोबत आदेशाची प्रत जोडावी. ती संरक्षण अधिकारी, पोलीस किंवा थेट दंडाधिकारी यांपैकी कोणाकडेही देता येते. कलम ३१ मध्ये उल्लेख ‘संरक्षण आदेशा’चा आहे. त्यामुळे केवळ पैशांची किंवा निवासाची मागणी करून कलम १८ ची मागणी सोडून दिली, तर पुढे भंगाच्या वेळी हे कलम लागू होते की नाही यावरच वाद उभा राहतो. थकलेल्या रकमेसाठी वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो; प्रतिवादी नोकरीत असल्यास त्याच्या पगारातून परस्पर रक्कम देण्याचा आदेश न्यायालय मालकाला देऊ शकते.